हेतू सापडला नाही, म्हणजे लपवला असं नव्हे

वाचक लिहितात (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून, थोडक्यात): आम्ही नवरा-बायको अमेरिकेत नेवाडा राज्यात राहतो. माझी एक सहकारी १ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री लास व्हेगासमध्ये, हॉटेलच्या खिडकीतून ज्या गर्दीवर गोळीबार झाला त्या संगीत महोत्सवात होती. तिला इजा झाली नाही, पण आजही ती गर्दीत जायचं टाळते. एकदा बोलता बोलता म्हणाली होती, "गोळ्या दोन बाजूंनी येतायत असंच वाटत होतं." मी हे घरी जेवताना सहज सांगितलं आणि धाकट्या दिराने ते उचललं. गेली दोन वर्षं तो या गोळीबाराचे व्हिडिओ बघतोय. बंदूकधारी एक नव्हताच, खरा हेतू सरकारने दडपला, असं त्याचं ठाम मत आहे. परवा त्याने कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "वहिनीच्या ऑफिसमधल्या बाईने स्वतः ऐकलंय" असं टाकलं, आणि आता तिचा नंबर मागतोय. नवरा म्हणतो, सोड, बोलू दे त्याला. मला राग येतो, पण खरं सांगायचं तर मलाही प्रश्न पडतो. एवढा मोठा तपास होऊन हेतू सापडत नाही, हे कसं शक्य आहे? दिराला काय सांगू?

---

आधी नंबरचं. नंबर देऊ नका. "तिला विचारून बघते" असंही म्हणू नका, कारण मग दोन दिवसांनी "विचारलंस का?" येणार आणि नकार तिच्या तोंडून येतोय असं होणार. नकार तुमचाच असू द्या. "तिने ते मला विश्वासाने सांगितलं होतं, मी ते जेवताना बोलायला नको होतं. नंबर मी देणार नाही." एवढंच बोला. कारणं देत बसलात की एकेका कारणावर वाद सुरू होतो.

लगेच त्याला ग्रुपवरचा तो मेसेज सर्वांसाठी पुसायला सांगा. ही सोय दोन-अडीच दिवसच चालते, त्यामुळे हे वादाआधी करायचं काम आहे. मुदत उलटून गेली असेल तर ग्रुपवर तुमचा एक शांत मेसेज पुरे: "माझ्या ओळखीच्या व्यक्तीबद्दल वर जे लिहिलंय ते कृपया पुढे पाठवू नका. तो तिचा खासगी अनुभव आहे." तिचं नाव, वय, खातं, काहीच लिहू नका. 'नेवाडा', 'वहिनीचं ऑफिस' आणि 'महोत्सवात होती' हे तीन धागे जुळवून माणूस शोधून काढायला कोणाला फार वेळ लागत नाही.

तुमचे यजमान "बोलू दे त्याला" म्हणतात ते घरातल्या शांततेसाठी, हे कळतं. पण इथे घराबाहेरचं एक माणूस गुंतलंय. लास व्हेगासमधून वाचलेल्यांना, अगदी गोळी लागलेल्यांनाही, "तुम्ही भाड्याने आणलेले नट आहात" असे मेसेज आले होते. सँडी हूकचं प्रकरण तर सर्वांसमोर आहे. डिसेंबर २०१२ मध्ये कनेटिकटमधल्या त्या शाळेत २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. ॲलेक्स जोन्स नावाच्या अमेरिकी कार्यक्रम-निवेदकाने वर्षानुवर्षं हे सगळं नाटक असल्याचं सांगितलं आणि ऐकणाऱ्यांपैकी काही जण खरोखर त्या आईबापांच्या मागे लागले. एका मुलाच्या वडिलांना धमक्या दिल्याबद्दल फ्लोरिडातल्या एका महिलेला २०१७ मध्ये पाच महिन्यांची कैद झाली. २०२२ मध्ये कनेटिकटच्या ज्युरीने जोन्सविरुद्ध ९६ कोटी ५० लाख डॉलरची भरपाई ठरवली. धमक्या देणाऱ्या त्या लोकांना आपण सत्य शोधतोय असंच वाटत होतं. तुमचा दीर तसा नसेलही, पण त्याच्या हातून नंबर पुढे गेला की तो कोणाकडे पोचेल हे त्याच्याही हातात राहत नाही.

आता तुमच्या स्वतःच्या प्रश्नाकडे येते. पत्रातलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य तेच आहे. तुम्हाला शंका आली यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण त्या प्रश्नात दोन गृहीतकं दडलेली आहेत. पहिलं असं की प्रत्येक मोठ्या हत्याकांडाला एक हेतू असतो, कुलपाला किल्ली असावी तसा. दुसरं असं की तपास पुरेसा मोठा असला की तो सापडायलाच हवा. दोन्ही तपासून बघू.

कोणी केलं, कसं केलं, का केलं, हे वेगवेगळे प्रश्न आहेत आणि त्यांचे पुरावे वेगवेगळ्या जातीचे असतात. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं वस्तूंमध्ये असतात. मँडले बे हॉटेलच्या ३२व्या मजल्यावरच्या खोल्यांमध्ये २४ बंदुका आणि झाडलेल्या गोळ्यांची हजाराहून अधिक रिकामी काडतुसं मिळाली. ऑक्टोबर २०१६ ते सप्टेंबर २०१७ या काळात हल्लेखोराने ५५ हून अधिक बंदुका विकत घेतल्याच्या नोंदी सापडल्या. त्याआधीच्या तीसेक वर्षांत मिळून त्याने घेतल्या होत्या त्यापेक्षा त्या कितीतरी जास्त. वीसहून अधिक बॅगा त्याने काही दिवसांत थोड्या थोड्या करून वर नेल्या, आणि हॉटेलच्या कॅमेऱ्यांत त्याचा कोणी साथीदार दिसत नाही. पोलिसांनी सुमारे २,००० धागे तपासले, २० हजार तासांहून अधिक चित्रण पाहिलं. ऑगस्ट २०१८ मध्ये अंतिम अहवाल आला: एकच माणूस, दुसरा कोणी नाही.

'का'चा पुरावा मात्र माणसाच्या डोक्यात असतो. तो बाहेर येतो ते त्याने कोणाला काही सांगितलं तर, काही लिहून ठेवलं तर, किंवा जिवंत हाती लागून बोलला तर. एफबीआयने २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ६३ हल्लेखोरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निम्म्याहून थोड्या जास्त, म्हणजे ५६ टक्के जणांनी आधी कुठे ना कुठे आपला इरादा बोलून दाखवला होता. उरलेल्यांच्या बाबतीत तसं बोलणं हाती लागलं नाही, आणि व्हेगासचा माणूस याच जातीचा. (त्याचं नाव इथे मुद्दाम देत नाही. कुप्रसिद्ध व्हावं ही त्याचीही इच्छा असावी, असं एफबीआयच्या तज्ज्ञांचंच मत आहे.) त्याने जाहीरनामा सोडला नाही, चिठ्ठी सोडली नाही. खोलीत जो कागद मिळाला, ज्याला कित्येक व्हिडिओंमध्ये 'गुप्त चिठ्ठी' म्हणतात, त्यावर नेम धरण्यासाठीचे आकडे होते. एका लॅपटॉपची हार्ड डिस्क गायब होती. लपवाछपवी झाली हे खरंच आहे. ती ज्याने केल्याचा पुरावा आहे तो माणूस म्हणजे हल्लेखोर स्वतः. दिराशी बोलताना हा मुद्दा विसरू नका.

जानेवारी २०१९ मध्ये एफबीआयच्या वर्तनतज्ज्ञांच्या गटाने आपला निष्कर्ष दिला की एकच एक किंवा स्पष्ट असा प्रेरक हेतू आढळत नाही. बातम्यांच्या मथळ्यांत एवढंच राहिलं. पण त्यापुढेही त्यांनी बरंच सांगितलं होतं. वाढतं वय, ढासळती शारीरिक आणि मानसिक अवस्था, स्वतःचा शेवट स्वतःच्या हाताने करायचा निर्धार, आणि एकेकाळी एफबीआयच्या फरारी यादीत असलेल्या बँक लुटारू बापाची सावली. कुठल्याही विचारसरणीचा किंवा संघटनेचा धागा त्यांना मिळाला नाही. इसिसने दुसऱ्याच दिवशी जबाबदारी घेतली होती, तिलाही कधी आधार सापडला नाही. मेंदूचे नमुने स्टॅनफर्डमध्ये तपासले गेले, तिथेही उलगडा करणारं काही निघालं नाही. म्हणजे "काहीच सापडलं नाही" हे चूक आहे. बऱ्याच गोष्टी सापडल्या, फक्त त्यातली कुठलीच एकटी ६० माणसांच्या मृत्यूचा भार पेलू शकत नाही. (त्या रात्रीचा आकडा ५८ होता, जखमांमुळे पुढे आणखी दोघे गेले.) एवढ्या मोठ्या विध्वंसामागे तेवढंच मोठं कारण असणार, असं मनाला वाटत राहतं आणि कारण किरकोळ निघालं की फसवणूक झाल्यासारखं होतं. षड्यंत्राच्या गोष्टी नेमकी ही तहान भागवतात.

पोकळी घाईने भरली की काय होतं त्याचं उदाहरण कोलंबाइन. एप्रिल १९९९ मधल्या त्या शाळेतल्या हत्याकांडानंतर काही तासांतच गोष्ट तयार झाली: लांब कोट घालणारी टोळी, छळ झालेली मुलं, खेळाडूंवर सूड. हल्ला करणारी दोघं त्या टोळीतली नव्हती. त्यांनी उपाहारगृहात गॅसच्या टाक्यांचे मोठे बॉम्ब ठेवले होते आणि ते फुटले असते तर समोर येईल तो मेला असता. बॉम्ब फुटले नाहीत, म्हणून जग त्याला गोळीबार म्हणून ओळखतं. पहिली गोष्ट मात्र लोकांच्या डोक्यातून आजही गेलेली नाही.

आता 'दोन बाजूंनी' आलेल्या आवाजाकडे. तुमच्या सहकारीने जे ऐकलं ते तिने खरंच ऐकलं, आणि त्या मैदानातल्या कित्येकांनी तेच ऐकलं. "तिला भास झाला" असं दिराला चुकूनही सांगू नका. ते खोटं आहे आणि तिचा अपमानही.

रायफलची गोळी आवाजाच्या दुपटीहून जास्त वेगाने सुटते. विजेचा लखलखाट आधी दिसतो आणि गडगडाट मागून येतो, तसं इथे घडतं, पण दोन्ही आवाजच असतात. जवळून जाणारी गोळी हवा चिरत जाते त्याचा कडाड असा आवाज पहिला. बंदुकीच्या नळीतून निघालेला जाड, बोदा आवाज दुसरा. हॉटेलची खिडकी ते मैदान हे अंतर साधारण साडेचारशे मीटर. एवढं अंतर कापायला आवाजाला १.३ सेकंद लागतात आणि गोळीला त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे प्रत्येक गोळीचे दोन आवाज, मध्ये अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त अंतर. त्यात बंदुकांना बंप स्टॉक लावलेले होते. हा दस्ता बंदुकीच्या धक्क्याचाच वापर करून चाप भराभर दाबला जाईल अशी व्यवस्था करतो, आणि मग सेकंदाला नऊच्या आसपास गोळ्या सुटतात. पहिल्या गोळीचा बोदा आवाज कानावर पडेपर्यंत पाच-सहा गोळ्यांचे कडाड होऊन गेलेले असतात. दोन आवाजांच्या दोन माळा एकमेकींवर चढतात. शिवाय कडाड हा आवाज नळीच्या दिशेने आल्यासारखा वाटतच नाही, तो गोळीच्या वाटेवरच्या जवळच्या बिंदूकडून येतो. भोवतालच्या इमारतींवरून आलेले प्रतिध्वनी वेगळेच. त्या अंधारात, आडवं पडलेल्या माणसाला एक बंदूक जवळ आणि एक लांब वाटली नसती तरच नवल.

हे दिराला पडताळून बघता येईल, आणि माझ्या मते वादापेक्षा हा मार्ग चांगला. मैदानातून घेतलेल्या एखाद्या चित्रणाचा फक्त आवाज हेडफोनवर ऐकायचा, पडदा बंद ठेवून. लक्ष गोळ्यांच्या फैरीच्या सुरुवातीवर आणि शेवटावर द्यायचं, कारण मधल्या गोंधळात काहीच वेगळं करता येत नाही. आधी नुसते कडाड सुरू होतात, बोदे आवाज क्षणभराने येऊन मिळतात. शेवटी कडाड थांबतात आणि बोदे आवाज तेवढाच वेळ पुढे चालू राहतात. बंदुका खरंच दोन असत्या तर प्रत्येक फैरीत ही मागेपुढे होण्याची वेळ तंतोतंत सारखी आली नसती. एक अडचण येते. फोन मोठा आवाज आपोआप दाबतो आणि व्हिडिओ पुन्हापुन्हा पाठवला गेला की आवाजाची धार जाते, म्हणून दहा हात फिरून आलेली क्लिप घेऊ नका. आणि हा प्रयोग तुमच्या सहकारीच्या आसपासही नको.

दीर इथे बहुधा म्हणेल, "मग पोलिसांनी वेळा का बदलल्या?" या प्रश्नात तथ्य आहे आणि ते मान्य करा. हॉटेलच्या सुरक्षारक्षकाला गोळी लागल्याची वेळ शेरीफने, म्हणजे तिथल्या पोलिसप्रमुखाने, ऑक्टोबर २०१७ च्या पहिल्या दोन आठवड्यांत दोनदा बदलली. आधी सांगितलं, मैदानावर गोळीबार चालू असताना तो जखमी झाला. मग ९:५९, म्हणजे गोळीबाराच्या सहा मिनिटं आधी. मग पुन्हा १०:०५ च्या सुमारास. ९:५९ ही तो रक्षक हल्लेखोराने बंद केलेल्या दरवाजापाशी पोचल्याची वेळ निघाली. पहिल्या आठवड्यात हाताने लिहिलेली नोंदवही, दरवाजाच्या यंत्रातली नोंद, वॉकीटॉकीवरचं बोलणं आणि भेदरलेल्या माणसांची आठवण यांची घड्याळं एकमेकांशी जुळलेली नसतात. जुळवत जाताना आकडे बदलतात. कट रचणाऱ्यांनी सुरुवातीलाच एक वेळ ठरवून तीच धरून ठेवली असती. तरीही पोलिसांनी कच्ची माहिती पक्की असल्यासारखी सांगितली, आणि संशयाला खतपाणी त्यांनीच घातलं.

पोलिसांनी चित्रण द्यायलाही टाळाटाळ केली. वृत्तसंस्थांनी सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली कोर्टात धाव घेतली, तेव्हा कुठे मे २०१८ पासून अंगावरच्या कॅमेऱ्यांचं चित्रण टप्प्याटप्प्याने बाहेर येऊ लागलं. त्यातूनच कळलं की एक पोलिस ३१व्या मजल्यावर, खोलीच्या बरोबर खाली, गोळीबार चालू असताना थिजून उभा राहिला होता. खरोखर झाकलेली गोष्ट अशी उघड होते. अर्ज करावा लागतो, कोर्टात जावं लागतं, कागद वाचावे लागतात. दिराची जिज्ञासा खरी असेल तर तिला हे काम द्या. अंतिम अहवाल १८७ पानांचा आहे आणि कोणालाही वाचता येतो. "तुझे तीन सगळ्यात पक्के मुद्दे सांग आणि अहवालात त्यांच्याबद्दल काय म्हटलंय ते मला पान क्रमांकासकट दाखव," असं म्हणा. पूर्ण अहवाल तुम्ही त्याच्यावर फेकू नका, तो उघडणार नाही.

वाचताना एक फरक त्याला माहीत असू द्या. तपासाच्या कागदांतली साक्ष आणि तपासाचा निष्कर्ष या एक गोष्ट नव्हेत. २०२३ मध्ये एफबीआयचे काही कागद बाहेर आले. त्यात एका जुगाऱ्याचं म्हणणं होतं की कॅसिनो मोठ्या जुगाऱ्यांना देत असलेल्या वागणुकीवर हल्लेखोर चिडलेला होता. "अखेर हेतू सापडला" असे मथळे झाले. तो एका ओळखीच्या माणसाचा अंदाज होता, आणि स्थानिक पोलिसांनी तो निष्कर्ष म्हणून स्वीकारला नाही. हॉटेलच्या मालक कंपनीने पीडितांना ८० कोटी डॉलर देऊन केलेल्या तडजोडीचंही असंच. तिला तोंड बंद करण्याची किंमत म्हणतात, पण हजारो दावे वर्षानुवर्षं चालवण्यापेक्षा तडजोड करणं हा अमेरिकेतल्या अशा खटल्यांचा नेहमीचाच शेवट आहे.

बोलायचं कधी आणि कसं? ग्रुपवर नाही. तिथे सासूबाईंपासून चुलतभावंडांपर्यंत सगळे बघत असतात आणि माघार घेणं म्हणजे नाक कापून घेणं होतं. तो एकटा असताना, अर्ध्या तासाच्या वर नाही, एका वेळी एकच दावा घ्या. तो एका दाव्यावरून दुसऱ्यावर उडी मारणार हे धरूनच चला. "थांब, आवाजाचं आधी पूर्ण करू" म्हणून परत आणा. सुरुवात खऱ्या माहितीने करा. खोटा दावा तिखटमीठ लावून पुन्हा सांगू नका, ऐकणाऱ्याला तोच लक्षात राहतो. आणि एकदा तरी विचारा, "काय दिसलं तर तुझं मत बदलेल?" त्याने काही ठोस सांगितलं तर बोलण्यात अर्थ आहे. "काहीही दाखवा, ते बनावटच असणार" असं उत्तर आलं तर पुराव्यांची चर्चा तिथेच थांबवा आणि त्याची विचारपूस करा. दोन वर्षं रात्री कशा जातायत, झोप लागते का, नोकरीचं कसं चाललंय. पुष्कळदा व्हिडिओंनी दुसरीच कुठलीतरी रिकामी जागा भरलेली असते, आणि त्याबद्दल वहिनीपेक्षा भावाने विचारलेलं बरं. यजमानांना हे काम द्या. त्यांना वाद नकोय, आणि हा वाद नाहीच.

सहकारीला ग्रुपबद्दल सांगायचं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. मेसेज कुटुंबाबाहेर गेला नसेल आणि पुसला गेला असेल तर सांगून तिची झोप उडवू नका. बाहेर गेला असेल, किंवा गेला की नाही हे कळायला मार्ग नसेल, तर सांगा. लवकर, समोरासमोर, दीर काय मानतो याचं वर्णन न करता: "तू सांगितलेली एक गोष्ट माझ्याकडून घरी बोलली गेली आणि ती पुढे गेली. तुझं नाव कुठे नाही. माझी चूक झाली." अनोळखी मेसेज आलेच तर तिने उत्तर देऊ नये, आधी तारीख-वेळेसकट स्क्रीनशॉट घ्यावा, मग ब्लॉक करावं. क्रम उलटा झाला की पुरावा हरवतो. फेसबुकवर तक्रार करताना 'खोटी माहिती' निवडू नका, 'छळ' निवडा. शोकांतिकेतून वाचलेल्यांना खोटारडे किंवा नट म्हणणं हे तिथे छळाच्या नियमांत येतं. धमकी असेल तर थेट पोलिस.

ती स्वतःहून आवाजाचा विषय काढेल तेव्हाच वरचं स्पष्टीकरण सांगा, तेही विचारून: "दोन आवाज का आले याचं कारण मी वाचलंय, सांगू?" काही जणांना ते कळल्यावर हायसं वाटतं, काहींना त्या दहा मिनिटांत परत जायचं नसतं. तिने नको म्हटलं तर विषय बदला. सप्टेंबरच्या अखेरीस दरवर्षी हे व्हिडिओ पुन्हा फिरू लागतात, तेव्हा तिला दुपारी जेवायला सोबत घ्या, आणि अमेरिकेतली आपत्तीग्रस्तांसाठीची चोवीस तास चालणारी हेल्पलाइन, १-८००-९८५-५९९०, तिच्या फोनमध्ये आहे ना ते एकदा विचारून ठेवा.